चाचण्या वाढल्या, मग एवढी माणसं गेली कशी?

तुम्ही विचारलंय की २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याच्या तक्त्यात कोरोनाच्या चाचण्या वाढलेल्या आणि पॉझिटिव्हिटी, म्हणजे चाचण्यांपैकी बाधित निघालेल्यांची टक्केवारी, उतरलेली दिसते, मग गावात एवढ्या तेरव्या कशा झाल्या, आकडे खोटे होते का? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. तेव्हा चाचणी शिबिरात आधार कार्ड पाहून नावं लिहायला बसायचो. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

मनानं आकडा लिहिताना मी कोणालाच पाहिलं नाही. जेवढ्या काड्या नाकात गेल्या, तेवढ्याच नोंदी झाल्या. पण गेल्या कोणाच्या नाकात? तापानं फणफणलेला माणूस दार लावून घरात पडलेला, पॉझिटिव्ह निघालो तर गाडी येऊन उचलून नेईल ही धास्ती. आशाताई दारोदार हाका मारून थकायच्या. शिबिराला तर रोजचं टार्गेट. मग रेशनच्या लाइनीतले, चौकात अडवलेले मोटरसायकलवाले, अशा धडधाकट लोकांची अँटिजेन, म्हणजे पट्टीवर झटपट निकाल देणारी चाचणी, व्हायची. भागाकारात खालचा, म्हणजे एकूण चाचण्यांचा, आकडा असा फुगला की टक्केवारी उतरणारच.

त्यात अँटिजेनचं स्वतःचं दुखणं. आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून २०२० मध्ये ज्या पहिल्या किटला परवानगी दिली, ते बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्क्यांनाच पकडत होतं, हे त्यांच्याच तपासणीत निघालं होतं. म्हणून लक्षणं असतील आणि अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली जास्त खात्रीची चाचणी, करायचीच, असा नियम होता.

माझ्या चुलतभावाला चार दिवसांपासून ताप होता. पट्टीवर एकच रेघ उठली. नाव मीच लिहिलं होतं, त्यापुढे ‘निगेटिव्ह’ लागलं. आरटीपीसीआरचं कोणी बोललं नाही. मीही नाही, मला तेव्हा नियमच माहीत नव्हता. तिसऱ्या दिवशी बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ८१. शहरात नेलं, फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १८ आला, बेड शोधण्यात रात्र गेली. तो गेला. मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं न्यूमोनिया. कोरोनाच्या सरकारी आकड्यांत तो एकदाच आहे, निगेटिव्ह चाचणी म्हणून.

जून-जुलै २०२१ मध्ये देशात चौथं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्ताची तपासणी, झालं. त्यात लस न घेतलेल्यांपैकीही ६२.३ टक्के लोकांत अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडल्या. तेव्हा देशभरात नोंदलेले रुग्ण होते जेमतेम तीन कोटी. म्हणजे बहुतेक लागण नोंदीत आलीच नाही.

तुम्ही दोन कामं करा. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून तालुक्याच्या अँटिजेन आणि आरटीपीसीआर चाचण्यांचे आकडे वेगवेगळे मागा, एकत्र बेरीज घेऊ नका. आणि ग्रामसेवकाकडे मृत्यूचं रजिस्टर पाहा, २०१८ आणि २०१९ चे तेच महिने शेजारी ठेवून. मात्र मृत्यू जिथं होतो तिथंच नोंदतात. शहरातल्या दवाखान्यात गेलेल्यांची नावं गावच्या रजिस्टरात सापडायची नाहीत, ती घरोघर विचारूनच जोडावी लागतील. माझ्या गावची यादी तयार आहे. तुमची झाली की कळवा, दोन्ही मिळवून पाहू.