तात्पुरती करसवलत दरवर्षी पुढे का ढकलतात? एकदाच कायमची का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की सरकार दोन-तीन वर्षांसाठी करसवलत आणतं आणि मग प्रत्येक बजेटला तिची मुदत वाढवत बसतं, त्यापेक्षा एकदाच कायमची का करत नाही, नाहीतर बंद का करत नाही. मी पुण्यात टॅक्स रिटर्नचं काम करतो, १ फेब्रुवारीला भाषण संपलं की आधी फायनान्स बिल उघडून तारखाच बघतो. माझं मत असं झालंय की मुदत ही सरकारच्या हातातली दोरी आहे आणि ती सोडायला कुठलंच सरकार तयार नसतं, कारण मुदत संपत आली की लोक परत दारात येतात.

स्टार्टअपचंच बघा ना. स्टार्टअपच्या नफ्यावर करसवलत देणारं कलम ८०-आयएसी २०१६ च्या बजेटमध्ये आलं. अट होती की कंपनी १ एप्रिल २०१९ च्या आधी स्थापन झालेली पाहिजे. मग ते २०२१ झालं, मग २०२२, मग २०२३, २०२४, २०२५, आणि २०२५ च्या बजेटमध्ये एकदम १ एप्रिल २०३०. दरवेळी एकच वर्ष वाढवलं की दर बजेटला स्टार्टअपसाठी काहीतरी केलं असं सांगता येतं, तीच जुनी सवलत पुन्हा बातमीत येते. आणि प्रत्यक्षात? २०२५ च्या मध्यापर्यंत मान्यता मिळालेले स्टार्टअप दीड लाखांच्या वर आणि या सवलतीचं सर्टिफिकेट मिळालेले ३,७०० च्या आसपास, कारण त्यासाठी वेगळ्या बोर्डाकडे अर्ज करावा लागतो आणि मुळात नफा असेल तरच सवलतीचा उपयोग. पण याची चर्चा कोण करतंय, चर्चा फक्त तारखेची.

आता दुसरी बाजू. कलम ८०ईईए, पहिलं घर घेणाऱ्याला गृहकर्जाच्या व्याजावर जादा दीड लाखांची वजावट, घराची स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यू (म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत) ४५ लाखांपर्यंत हवी. २०१९ ला आलं, दोनदा एकेक वर्ष वाढलं आणि २०२२ च्या बजेटमध्ये त्यावर एक शब्दही नाही, संपलं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, कर्ज एकटीच्या नावावर, बुकिंगची पावती फेब्रुवारीची पण बँकेच्या सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, तारीख एप्रिल २०२२. कायद्यात सँक्शनची तारीख धरतात, बुकिंगची नाही. तिचं वर्षाचं व्याज सव्वातीन लाख, त्यातले दोन लाख २४(ब) या गृहकर्जाच्या व्याजाच्या नेहमीच्या कलमात गेले, वरचे सव्वा लाख तसेच राहिले, म्हणजे वर्षाला जवळपास २६ हजारांचा टॅक्स जास्त. ती म्हणाली, "अहो पण दरवर्षी वाढवतात ना, यावर्षी का नाही वाढवलं?" मला हे मनापासून लागतं, कारण घर घेणाऱ्या पगारदार माणसांची संघटना नसते, बजेटच्या आधी निवेदन घेऊन दिल्लीला जाणारं कुणी नसतं. अर्थात दरवेळी मोठ्यांचंच चालतं असंही नाही, नव्या कारखान्यांसाठीचा १५ टक्के कंपनी कराचा दर उद्योगांनी मागूनही मार्च २०२४ नंतर वाढवला नाही.

अमेरिकेत तर हा प्रकार कितीतरी जुना आहे आणि तिथं त्याला हिशोबाचं कारण आहे. तिथं कायद्याचा खर्च दहा वर्षांचा मोजतात, त्यामुळे एक वर्षाची सवलत कागदावर स्वस्त दिसते, दरवर्षी वाढवली तरी एकूण आकडा एकदम कधीच समोर येत नाही. संशोधनावरची सवलत १९८१ ला तात्पुरती म्हणून आली आणि कायमची झाली २०१५ ला! २०१३ अखेर संपलेल्या पन्नासेक सवलती, ज्यात शिक्षकांनी वर्गासाठी केलेल्या खर्चाची वजावटही होती, त्या तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी १९ डिसेंबर २०१४ ला सही करून त्याच वर्षीच्या जानेवारीपासून लागू केल्या, आणि त्या संपल्या त्याच ३१ डिसेंबरला. वर्ष संपल्यावर सवलत मिळणार असेल तर ती बघून कोण काय वेगळं करणार, खर्च तर आधीच झालेला असतो. आणि २०२५ मध्ये वेटरच्या टिपवर जी वजावट दिली ती २०२८ अखेरपर्यंत आहे, आणि २०२८ लाच त्यांची अध्यक्षीय निवडणूक.

तात्पुरती सवलत वाईट असते असं मी म्हणत नाही. कोरोनात आपल्या महाराष्ट्राने घरखरेदीवरची स्टॅम्प ड्युटी कमी केली, शहरात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये २ टक्क्यांवर आणली, मग मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के ठेवली, बिल्डरांनी मुदतवाढ मागितली तरी दिली नाही. एकट्या मुंबईत डिसेंबरात १९ हजारांवर नोंदणी झाली, कारण लोकांना तारीख खरी वाटली.

माझं म्हणणं एवढंच की मुदत वाढवताना आधीच्या वर्षी ती सवलत नेमकी किती जणांनी घेतली आणि कोणी घेतली हे बिलासोबत छापलं पाहिजे, नाहीतर वाढवायची नाही. आणि तुम्ही स्वतः घर घेणार असाल तर "वाढवतीलच" या भरवशावर राहू नका, सँक्शन लेटर मुदतीच्या आत हातात घ्या, त्यावरची तारीख वाचून घ्या.