स्पोर्ट मोड लावला की गाडीचं स्टिअरिंग जड का होतं?

प्रश्न : मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, चालवते मीही. रामबागेतून राजवाड्याकडे जाताना इको मोडमध्ये, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये, स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर तो स्पोर्ट, म्हणजे चपळ चालवायचा मोड, लावायला सांगतो, तेव्हा माझे खांदे भरून येतात. काही बिघडलंय का?
– एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, काही बिघडलेलं नाही. तुमच्या हातांना मदत करायला स्टिअरिंगला एक छोटी मोटर असते. स्पोर्टमध्ये तिची मदत कमी होते, एवढंच. वेगात हात जरासा हलला तरी गाडी भरकटू नये, हा त्यातला फायदा.

पण जडपणा म्हणजे रस्त्याची जाण नव्हे. टायरखाली खडी आली, पकड सुटायला लागली, हे हाताला कळणं निराळं. बऱ्याच गाड्यांचा स्पोर्ट मोड मला घट्ट भिजवलेल्या कणकेसारखा वाटतो : मेहनत जास्त, पोळी तीच! काही गाड्यांत स्टिअरिंगचा हलकेपणा वेगळा निवडता येतो. मुलाला स्क्रीनवर शोधायला लावा. इकोमध्येही जड लागलं, तर मात्र आधी पुढच्या टायरांची हवा बघा.