गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी कसा ठेवतात? रक्त चढवावं लागतंच का?

बहुतेकांना आता लागत नाही, आणि याचं मोठं श्रेय ट्रानेक्सामिक ॲसिडला आहे. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, पण शरीर लगेच ती विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळणं रोखतं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं. उताकोबाईंच्या डोळ्यांसमोर होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका! ते शिरेतून, गोळीने किंवा थेट सांध्यात देता येतं. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, फिट येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी नक्की सांगा.

पण माझ्या मते तितकाच फरक आधीच्या तयारीने पडतो. हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर कारण शोधावं, लोह कमी असेल तर ते भरून काढावं. त्यासाठी तारीख काही आठवडे पुढे गेली तरी जाऊ द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील. स्वतःहून एकही बंद करू नका.

मांडीला आवळून बांधतात त्या पट्ट्याने ऑपरेशनपुरतं रक्त थांबतं, एकूण स्राव मात्र फारसा घटत नाही. बरंच रक्त नंतर आतल्या आत साचतं, दिसत नाही. म्हणून पुढेही हिमोग्लोबिन तपासतात. चक्कर आली, धाप लागली किंवा पट्टी भिजू लागली तर लगेच नर्सला बोलवा.