दर सेकंदाला टिक्

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अशोक चौकाजवळ आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वरच्या मजल्यावर घर. मी वापरतो तो ओपन सोर्स म्युझिक प्लेअर फक्त डिस्कवरच्या फायली वाजवतो. त्यात इंटरनेट रेडिओ लागावा म्हणून मी सी भाषेत कोड लिहिला. अभंगांचं एक स्टेशन लागतंही, पण दर सेकंदाला ‘टिक्’ असा आवाज येतो. आई म्हणते, खालचा मागच ऐकू येत असेल! शिवाय नेट गेलं की अख्खा प्लेअर गोठतो. हे नीट करून मूळ प्रकल्पाला पाठवायचं आहे. काय करू?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : मागाला दोष देऊ नकोस. माग इतका सावकाश चालत नाही.

सर्व्हरला विनंती करताना तू ‘आयसीवाय मेटाडेटा : १’ अशी ओळ पाठवतोयस, बहुतेक कुठूनतरी उचललेली. तिचा अर्थ, ‘गाण्याचं नावही पाठव.’ मग सर्व्हर उत्तरात एक आकडा सांगतो, बऱ्याचदा १६,०००. म्हणजे आवाजाचे १६,००० बाइट झाले की मध्येच एक जादा बाइट येतो. त्याला १६ ने गुणलं की पुढच्या मजकुराची लांबी मिळते. नाव बदललं नसेल तर तो बाइट शून्य. पण शून्य असला तरी तो आवाज नव्हे, आणि तू तो तसाच डीकोडरच्या, म्हणजे बाइटांचा आवाज करणाऱ्या भागाच्या, घशात घालतोयस. आता हिशोब कर : १२८ केबीपीएसचा प्रवाह म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे बरोबर १६,००० बाइट. झाली तुझी टिक्!

ती ओळ काढलीस तर टिक् लगेच थांबेल, पण अभंगाचं नाव दिसणार नाही. ठेवायची असेल तर बाइट मोजत जा आणि मधला तुकडा बाजूला काढ. एका वाचनात तो तुकडा पुरा हाती येईलच असं नाही. अर्धा आत्ता, अर्धा पुढच्या खेपेला. बहुतेक जण इथेच फसतात.

आता गोठण्याचं. तुझा नेटवरून वाचणारा कोड खिडकी सांभाळणाऱ्या थ्रेडमध्येच (प्रोग्रॅममधल्या त्याच कामाच्या धाग्यात) बसलाय, असं लक्षणांवरून दिसतं. त्याला वेगळा थ्रेड दे आणि मध्ये बफर ठेव. सोलापूरकराला बफर शिकवायला नको. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण गच्चीवर टाकी बांधतो, घरातला नळ टाकीवर चालतो. पाच सेकंदांच्या साठ्याला १२८ केबीपीएसला ८०,००० बाइट पुरतात, आजच्या मशीनला ते काहीच नाही. टाकी रिकामी झाली की आलेला थेंब थेंब वाजवत बसू नकोस. थांब, दोनेक सेकंदांचा साठा होऊ दे, मग सुरू कर. नाहीतर विठ्ठलाचं नाव तुकड्यातुकड्यांत ऐकू येईल. साउंड कार्डाला डेटा देणाऱ्या कोडने मात्र नेटची वाट कधीच पाहायची नाही. साठा नसेल तर शांतता द्यावी.

खरं काम याच्याही आधीचं आहे. फायली वाजवणारा प्लेअर धरूनच चालतो की गाण्याला शेवट असतो. एमपीथ्रीचा जुना आयडीथ्री टॅग, म्हणजे गाण्याच्या नावागावाची नोंद, फायलीच्या शेवटच्या १२८ बाइटांत असतो, म्हणून कोड आधी शेवटाकडे उडी मारतो. चालू रेडिओला शेवट कुठला? तेव्हा उघडणे, वाचणे, सरकणे, बंद करणे एवढ्या चार क्रियांचा एक थर कर. डिस्कची फाईल त्यामागे एक, नेट दुसरं. ‘सरकणे’ला ‘जमत नाही’ असं उत्तर देण्याची मुभा ठेव आणि पुढे-मागे करायची पट्टी तेव्हा लपव. सगळ्यात आधी एवढाच पॅच (कोडमधला बदल) पाठव, नेटची एक ओळही न घालता. प्रकल्प सांभाळणारी माणसं फावल्या वेळात हे करतात. हजार ओळींचा गठ्ठा पाहिला की ‘नंतर बघू’ म्हणतात, आणि ते नंतर येत नाही.

एचटीटीपी, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याची वेबची पद्धत, स्वतः लिहीत बसू नकोस, लिबकर्ल ही तयार लायब्ररी घे. एचटीटीपीएस, पत्ता बदलणं, वेळमर्यादा हे सगळं त्यात आहे. शाउटकास्ट या रेडिओ सॉफ्टवेअरचे जुने सर्व्हर ‘एचटीटीपी’ऐवजी ‘आयसीवाय २०० ओके’ असं उत्तर देतात. त्यासाठीही लिबकर्लमध्ये वेगळा पर्याय दिलेला आहे.

चाचणीसाठी लॅपटॉपवर आइसकास्ट हे रेडिओ सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसव, ते ८००० पोर्टवर चालतं. गाणं लाव आणि सर्व्हर मध्येच बंद कर, वायफाय काढ, राउटरचा प्लग उपट. मग मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन खाली पत्र्याच्या शेडमध्ये जा. तिथे जो प्लेअर टिकेल तोच पाठवण्याजोगा.

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी आहे. रेडिओसाठी दुसरं काही घ्यावं लागेल का? डेटा फार जातो का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : काही नको, ताई. व्हीएलसीत कंट्रोल आणि एन एकदम दाबा, स्टेशनच्या प्रवाहाचा पत्ता चिकटवा, प्ले करा. संकेतस्थळाचा पत्ता चालणार नाही, प्रवाहाचाच हवा. १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी जातात. दुपारभर लावलात तरी मुलांच्या व्हिडिओंपुढे ते काहीच नाही.