रात्री दोन वाजता बाबांनी काय करायचं?

प्रश्न : ताई, आमची मुलगी १२ दिवसांची आहे. बायको तिला फक्त अंगावरच पाजते. मुलगी दर दीड-दोन तासांनी उठते, आणि संध्याकाळी सात ते दहा तर अंगावरून सुटतच नाही. 'माझं दूध पुरत नाही' असं म्हणत बायको रडते, घरातली मोठी माणसंही तेच बोलतात. रात्री मी एक बाटली पावडरचं दूध पाजावं आणि तिला झोपू द्यावं, असं मनात आहे. मदत करायची इच्छा खूप आहे, पण दूध तर मी पाजू शकत नाही. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य माझा नवराही म्हणाला होता. आमचा मुलगा तीन आठवड्यांचा होता. मला गाढ झोप लागलेली बघून त्याने रात्री दोनदा बाटली पाजली, मला हाकसुद्धा मारली नाही. केवळ मायेपोटी. पहाटे जाग आली तेव्हा छाती दगडासारखी झाली होती, आणि दुपारी ताप चढला. स्तन इतका ताणलेला की बाळाला तोंडात धरताच येईना. तो भुकेने रडत होता आणि त्याच्यासोबत मीही. आज बाळंतिणींना पाजायला शिकवणं हेच माझं काम आहे, आणि त्या रात्रीची आठवण मी बहुतेक प्रत्येक बाबाला सांगते.

दूध मागणीप्रमाणे बनतं. बाळ जितकं ओढून घेईल तितकं पुढे तयार होतं. स्तन भरलेलाच राहिला की शरीर समजतं, एवढं लागत नाही. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रात्री जास्त असतं, म्हणून या पहिल्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं सहसा चुकवू नये. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध द्यायला सांगितलं तर जरूर द्या, त्यात आईचा काही दोष नाही. नुसत्या धास्तीपोटी मात्र सुरू करू नका.

आता ते पुरतंय की नाही, हे बघणं तुमचं काम. एक वही करा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं होतंय का, ६ किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतात का, शी पिवळी होते का, एवढंच त्यात लिहा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. तेव्हा या आठवड्यातच वजन करून आणा. संध्याकाळचं ते सलग पिणं बहुतेक नवजात बाळं करतात, त्यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. घरात कुणी 'पुरत नाही' म्हणालं की वही उघडून तुम्ही बोला. बायकोला स्वतःची बाजू मांडायची वेळ येऊ देऊ नका. भीती, वेदना, लोकांच्या नजरा यांनी पान्हा अडतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

रात्रीचं सांगते. मुलगी मान वळवून तोंड उघडायला लागली, मूठ चोखायला लागली की उठा. रडणं हा भुकेचा फार उशिराचा निरोप आहे, आणि रडून थकलेल्या बाळाला स्तन नीट धरता येत नाही. लंगोट बदला, मुलीला आईजवळ द्या, आईच्या पाठीशी आणि कोपराखाली उशी सरकवा, पाण्याचा पेला हाताशी ठेवा. मग दिव्याच्या उजेडात एकदा नीट बघा : तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बायकोला दुखतच राहिलं तर पकड चुकली आहे. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून तिने करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. ओढून काढू नये, बोंडाला चिरा पडतात. पिऊन झालं की मुलगी तुमची. खांद्यावर घेऊन ढेकर काढा, सदरा काढून उघड्या छातीशी धरा, बायकोला लगेच आडवं होऊ द्या. फक्त मुलीला घेऊन सोफ्यावर डोळा लागू देऊ नका, ते बाळासाठी धोक्याचं असतं. पेंग येऊ लागली की तिला तिच्या जागी पाठीवर झोपवा.

दिवसा स्वयंपाक, कपडे, पाहुणे तुमच्याकडे. 'काय करू?' असं तिला विचारत बसू नका, दिसेल ते उचला. संध्याकाळी दोन पाजण्यांच्या मध्ये मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा. ती झोप बायकोला फार मोलाची वाटेल.

स्तनावर लाल, गरम चट्टा आणि ताप आला तर बायकोला डॉक्टरांकडे न्या, पाजणं मात्र थांबवू नका. मुलगी मलूल दिसली, पाजायला उठेना, लंगोट कमी ओले होऊ लागले किंवा ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर त्याच क्षणी निघा. आणि बायकोचं रडणं, उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही, तर 'होईल बरं' म्हणू नका, तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

वही आज रात्रीच सुरू करा. वजनाचा आकडा आला की मला कळवा, मी वाट बघते आहे.