नवीन लॅपटॉप घेतलाय ना? आधी एवढंच करा

अहो घाबरू नका, आणि दुकानदाराने सांगितलेली पाच ॲप तर अजिबात टाकू नका. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीपासून असतो, घरच्या वापराला पुरतो, वर आणखी फुकटचा अँटिव्हायरस चढवला की मशीन नुसतं रडत बसतं.

सध्या तीनच गोष्टी:

१. अपडेट आलं की होऊ द्या. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

२. मेलचा पासवर्ड लांबलचक आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला हवा, कारण बाकीचे पासवर्ड बदलायची लिंक शेवटी त्याच मेलवर येते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरून आणखी एकदा खात्री केली जाते. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी चालेल, लोक हसतात, हसू देत.

३. फोटोंची कॉपी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, आणि झाली की डिस्क काढून ठेवायची.

नवीन माणूस हमखास फसतो ते एका पाटीला. स्क्रीनभर लाल पाटी, भोंगा, "कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा". आमच्या सासऱ्यांनी केला फोन, समोरच्याने गोड बोलून स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं, ते बँकेचं पान उघडणार तेवढ्यात लाईट गेली आणि राउटर बंद पडला, म्हणून वाचले. अहो ती लाल पाटी म्हणजे नुसतं वेबपेज असतं! एस्केप दाबून धरा, ब्राउझर बंद करा. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.