गाडी धुताना केमिकलमुळे हेडलाइट, टेललाइट खराब होऊ नयेत म्हणून काय करावं?

पहिली गोष्ट, हल्लीच्या गाड्यांत हेडलाइटची काच ही बहुतेक काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असतं आणि त्यावर ऊन आणि ओरखडे सोसायला एक पातळ कोटिंग असतं, टेललाइट बहुतेक दुसऱ्या एका प्लॅस्टिकची, अ‍ॅक्रिलिकची. त्यामुळे थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यातलं काहीही लाइटला लावू नका, आतून बारीक बारीक भेगा पडतात आणि त्या पॉलिश करूनही जात नाहीत. अ‍ॅक्रिलिकला तर स्पिरिटपण चालत नाही. अमोनियावालं ग्लास क्लीनर, इंजिनचा तेलकटपणा काढायचं डीग्रीझर, चाकं धुवायचं अ‍ॅसिड हेही लांबच ठेवा. इंजिन धुताना लाइटवर ओला कपडा किंवा प्लॅस्टिक टाका, तरीही थेंब उडालाच तर वाळू न देता लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका, कारण ते उन्हात, तापलेल्या लाइटवर वाळलं तर नुकसान जास्त होतं. रोजच्यासाठी न्यूट्रल पीएचचा (म्हणजे अ‍ॅसिडही नाही, अल्कलीही नाही असा) कार शाम्पू आणि मायक्रोफायबर कपडा बास झाला.

आणि ते टूथपेस्टने घासायचं प्रकरण, दोन दिवस चकाचक दिसतं खरं पण उरलंसुरलं कोटिंगही निघतं आणि मग लाइट आधीपेक्षा लवकर पिवळी पडते.